रिपोर्टवर ‘जेनेटिक’ लिहिलंय म्हणजे आईच्या माहेरचं रक्त वाईट असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘ब्लड कॅन्सरला जबाबदार जीन सापडलं’ अशी बातमी पेपरात वर्षातून एकदोनदा तरी येते, आपल्याही येते आणि बाकीच्यांच्याही, आणि ती आली की कुणी ना कुणी नातेवाईक तिचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हे मला माहितीये. पण या एका शब्दानं, जेनेटिक या शब्दानं, आमच्या घरात काय काय झालं ते तुम्हाला सांगायचंय म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

२०१८ च्या जूनमध्ये माझा मुलगा चार वर्षांचा होता. ताप यायचा जायचा, रात्री पाय दुखतात म्हणून रडायचा, आम्ही म्हणायचो वाढीचं वय आहे, तेल लावून चोळून द्यायचो. मग अंगावर निळे डाग दिसायला लागले, कुठं पडला नाही आपटला नाही तरी. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी केली तर प्लेटलेट १८ हजार, नेहमी दीड लाखाच्या वर असतात. दोन दिवसांत आम्ही परळला टाटात. बोन मॅरो टेस्ट झाली आणि नाव कळलं, एएलएल, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, एक प्रकारचा ब्लड कॅन्सर. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच, आणि दोन ते पाच हे त्याचं जास्त करून वय.

काही दिवसांनी फिशचा, म्हणजे कॅन्सरच्या पेशींतली गुणसूत्रं बघायच्या टेस्टचा, रिपोर्ट आला. त्यात इंग्रजीत लिहिलेलं, जेनेटिक अ‍ॅबनॉर्मॅलिटी डिटेक्टेड, आणि खाली ईटीव्ही६-रन्क्स१ पॉझिटिव्ह. डॉक्टर मॅडमनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला, म्हणाल्या हा बदल असलेली मुलं औषधाला चांगली साथ देतात, थोडा धीर धरा. मला तेवढंच ऐकू आलं, मी तिथंच जिन्यात बसून रडले. पण मिस्टरांनी त्या रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि घरी सगळ्यांनी वाचला तो पहिला शब्द.

माझा पुतण्या तेव्हा नववीत. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकता व परिवर्तन असा धडा आहे, त्यात सिकलसेलचं दिलंय, तो आईवडिलांकडून मुलांत येतो वगैरे. पोरानं जे शिकला ते सांगितलं, जेनेटिक म्हणजे आनुवंशिक. त्याचं काही चुकलं नाही. पण मग ‘आलं कुणाकडून’ हे शोधायला घरात संध्याकाळसुद्धा लागली नाही. माझे मामा तोंडाच्या कॅन्सरनं गेलेले. आयुष्यभर तंबाखू मळलेला माणूस, त्याचा आणि माझ्या चार वर्षांच्या पोराच्या आजाराचा काडीचा संबंध नाही, पण कॅन्सर तो कॅन्सर, ‘हिच्या माहेरी आहे’ असं ठरलं आणि ते गावभर झालं. माझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ जमत आलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी. त्यांच्याकडनं नकार आला. कारण सांगितलं नाही, पण मध्यस्थांनी नंतर सांगितलं की तिकडं कुणीतरी फोन करून कळवलं होतं.

आणि ह्याहून वाईट म्हणजे चुलत सासऱ्यांनी मिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, रक्तातच दोष आहे तर दोन अडीच वर्षं मुंबई, एवढा पैसा, हे करून हाताला काय लागणार. मिस्टर ठाम राहिले म्हणून आज मुलगा समोर आहे. पण सगळेच ठाम राहत नाहीत हो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही राहिलो तेव्हा किती कुटुंबं बघितली, दोन तीन महिने ट्रीटमेंट घ्यायची, पोर जरा हसायला खेळायला लागलं की गावी जायचं ते परत यायचंच नाही. पैसे संपतात, शेतीची कामं असतात, घरी दुसरी लहान मुलं असतात, ते मी समजू शकते. पण ‘रक्तातच आहे, बरं होणारच नाही’ हा समज सुद्धा त्यातलं एक कारण असतं. वॉर्डात मुलगे जास्त आणि मुली कमी दिसायच्या. हा आजार मुलग्यांना थोडा जास्त होतो हे खरंय, पण तेवढ्यानं तो फरक भरून निघत नाही, बऱ्याच मुलींना आणतच नाहीत. मुलगी आणि वर रक्तात दोष असं म्हटल्यावर तिच्यासाठी घर गहाण कोण ठेवणार.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे, डॉक्टर नाही. पण अडीच वर्षं वॉर्डात काढली, डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं, एका जेनेटिक काउन्सेलर ताईंनी (जीन्सचे रिपोर्ट घरच्यांना समजावून सांगणं हेच त्यांचं काम) मला दोन तास बसवून समजावलं, आणि त्यानंतर जे मिळेल ते वाचत आले, त्यातलं जे नक्की आहे तेवढंच इथं लिहिते.

जेनेटिक या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मराठीत आपण एकाच पिशवीत टाकतो. एक, आईवडिलांकडून आलेलं, जे अंगातल्या सगळ्या पेशींत असतं. ते आनुवंशिक. दुसरं, जन्माला येण्याआधी किंवा नंतर एखाद्याच पेशीत झालेला बदल, जो त्या पेशीत आणि तिच्या पिलावळीत राहतो, बाकी सगळं शरीर त्यापासून मोकळं. माझ्या मुलाचा ईटीव्ही६-रन्क्स१ हा दुसऱ्या प्रकारातला. १२ नंबरचं आणि २१ नंबरचं गुणसूत्र तुटून एकमेकांना चुकीचे जोडले जातात, बाइंडिंग करताना दोन पुस्तकांची पानं अदलाबदल व्हावीत तसं. युरोप अमेरिकेत एएलएल झालेल्या दर चार पाच मुलांमागं एकात हा सापडतो, आपल्याकडे त्याहून कमी. तो माझ्या रक्तात नव्हता, मिस्टरांच्याही नव्हता, आणि मुलाच्याही बाकी अंगात नव्हता, फक्त रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत झाला आणि तिथनं वाढला.

हा बदल कधी होतो ते कसं कळलं हे ऐकून मी थक्क झाले होते. इंग्लंडमध्ये बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचे दोन चार थेंब घेऊन कार्डावर वाळवून तपासणीला ठेवतात. लंडनच्या मेल ग्रीव्हज यांच्या टीमनं ज्या मुलांना पुढं काही वर्षांनी ल्युकेमिया झाला त्यांची ती जुनी कार्डं शोधून काढली, आणि १९९९ मध्ये दाखवून दिलं की त्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्मानंतर लगेचच्या दिवसांत घेतलेल्या थेंबात सुद्धा तोच बदल होता. म्हणजे सुरुवात पोटात असतानाच झालेली.

हे मी घरी सांगितलं आणि सांगून पस्तावले. कारण ‘पोटात असताना’ म्हटल्यावर परत माझ्यावरच आलं. पपई खाल्ली असशील, शेवटपर्यंत नोकरीला जात होतीस, विश्रांती घेतली नाहीस. सासूबाई बोलत नव्हत्या पण बघायच्या तसं. मी रात्र रात्र आठवत बसायचे की नऊ महिन्यांत मी काय काय खाल्लं. काउन्सेलर ताईंना हे सांगितल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हे बघा, पोटातलं बाळ म्हणजे कोट्यवधी पेशींची विभागणी चाललेली असते, त्यात अशी चूक कुठं ना कुठं होतेच, अगदी निरोगी बाळांतही. पुढं मी ते वाचलंही, तपासलेल्या नवजात बाळांमध्ये शंभरात एकाच्या तरी रक्तात हा ईटीव्ही६-रन्क्स१ सापडतो, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढं काहीही होत नाही, साधारण शंभरातल्या एखाद्याला आजार होतो. दुसरा एखादा बदल नंतर त्याच पेशीत व्हावा लागतो तेव्हा ल्युकेमिया होतो. जुळ्यांचं उदाहरण मला सगळ्यात पटलं. एकाच वारेवर (प्लासेंटावर) वाढलेल्या जुळ्यांत एकाच्या रक्तातली अशी पेशी वारेतून दुसऱ्यात जाऊ शकते, आणि २००८ मध्ये इंग्लंडमधल्या दोन जुळ्या बहिणींचं प्रसिद्ध झालं की दोघींच्या रक्तात ती सुरुवातीची पेशी होती पण ल्युकेमिया एकीलाच झाला, दुसरी ठणठणीत. एकच आई, एकच गर्भाशय, एकच वार. मग आईनं काय खाल्लं हा प्रश्न कुठं राहतो?

तो दुसरा बदल कशानं होतो यावर अजून काम चालू आहे, ग्रीव्हज यांचं म्हणणं असं की पहिल्या वर्षात बाळाचा साध्या जंतुसंसर्गांशी संबंध कमी आला आणि नंतर एकदम आला तर शरीर भलतंच उत्तर देतं, अंगावरचं दूध आणि इतर मुलांत मिसळणं हे फायद्याचं दिसतं. यावरून घरी उगाच प्रयोग करू नयेत एवढंच म्हणते.

आता बातम्यांत ज्या जीन्सबद्दल येतं ते. ते मात्र खरंच आईवडिलांकडून येणारे फरक असतात, तिथं मी खोटं बोलणार नाही. २००९ मध्ये ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की एआरआयडी५बी, आयकेझेडएफ१ अशा काही जीन्समधले ठरावीक फरक एएलएल झालेल्या मुलांत जास्त दिसतात, नंतर सीडीकेएन२ए, गाटा३ अशी आणखी नावं जोडली गेली. पण ‘जास्त’ म्हणजे किती? इथं मला माझी नोकरी उपयोगी पडली कारण आकडा नुसता वाचायचा नसतो, कशाचा आहे ते बघायचं असतं. पंधरा वर्षांच्या आत एएलएल होण्याची शक्यता ब्रिटनसारख्या देशात साधारण २,००० मुलांत एक. एखाद्या फरकानं धोका दीडपट होतो म्हणजे तो फरक असलेल्या ४,००० मुलांत दोनाऐवजी तीन. राहिलेल्या ३,९९७ मुलांत तोच फरक असतो आणि ती शाळेत जातात, क्रिकेट खेळतात, त्यांना कधी कळतही नाही. हे फरक इतके कॉमन आहेत की ही ओळ वाचणाऱ्या कितीतरी जणांच्या अंगात असतील.

हे मला आधी माहिती नव्हतं म्हणून आम्ही फसलो. मुलाची ट्रीटमेंट चालू असताना एका कंपनीचा माणूस गावी घरी आला, म्हणाला धाकटीचं पण चेक करून घ्या, थुंकीचा नमुना द्यायचा, बावीस हजार. मुलगी तेव्हा दीड वर्षाची. उसने पैसे घेऊन केलं. रिपोर्टवर लाल रंगात, ल्युकेमियाचा धोका १.६ पट. त्या दिवसापासून तिला साधी सर्दी झाली तरी माझे हात थरथरायचे, अंगावर डास चावल्याचा ठिपका दिसला तरी मी टॉर्च लावून बघायचे, पाच महिन्यांत तिचं तीनदा सीबीसी केलं मी. काउन्सेलर ताईंनी तो कागद बघून वरचा हिशोब मांडून दाखवला तेव्हा कुठं मी झोपले. कागदावर तो हिशोब का लिहीत नाहीत? १.६ पट लाल रंगात लिहिता, मग २,००० मध्ये एक हे त्याच्या शेजारी लिहायला काय जातं?

खरोखर घराण्यात चालणारा किंवा जन्मापासून असलेला धोका असतो, पण तो थोड्या मुलांत. टीपी५३ जीनमध्ये जन्मजात दोष असला तर घरात कमी वयात वेगवेगळे कॅन्सर दिसतात, पॅक्स५ आणि ईटीव्ही६ मधले जन्मजात दोष असलेली मोजकी कुटुंबं सापडलीत, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे, आणि डाउन सिंड्रोमच्या मुलांत ल्युकेमियाचा धोका इतरांपेक्षा दहा वीस पटींनी जास्त असतो. (ईटीव्ही६ हे नाव माझ्या मुलाच्या रिपोर्टवरही होतं म्हणून मी घाबरले होते, पण पेशीत तुटून जोडलेलं वेगळं आणि जन्मजात असलेलं वेगळं.) घरात लहान वयात दोन तीन जणांना कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, लपवू नका, टेस्ट करायची का ते ते ठरवतील. मामांची तंबाखू त्यात मोजायची नाही.

आणि आता ज्यासाठी खरं म्हणजे मी पेन उचललं ते लिहिते.

मुंबईतला मोठा भाग संपल्यावर मेंटेनन्ससाठी आम्हाला आमच्या जवळच्या शहरातल्या एका दवाखान्यात जायला सांगितलं. मेंटेनन्स म्हणजे आजार उलटू नये म्हणून पुढं चालू ठेवायची औषधं, रोज रात्री सिक्स एमपी नावाची केमोची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, मधून मधून व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आणि पाठीतलं इंजेक्शन. (व्हिन्क्रिस्टिन आपल्या दारातल्या सदाफुलीपासून काढतात, आणि मेथोट्रेक्सेटच्या मागं येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या माणसाचं काम आहे हे मला वॉर्डातल्या एका तेलुगू बाबांनी अभिमानानं सांगितलं होतं, तेव्हापासून मी सदाफुलीला रोज पाणी घालते.) सगळं व्यवस्थित होतं आणि तिसऱ्या आठवड्यात मुलाचे काउंट म्हणजे रक्तपेशींचे आकडे एकदम कोसळले, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० च्या खाली, १०३ ताप, अ‍ॅडमिट. गोळी बंद, काउंट वर आले, गोळी चालू, परत खाली. असं तीनदा. केस पुन्हा गळले. आम्हाला वाटलं आजार उलटला. दवाखान्यात म्हणाले इन्फेक्शन असेल, स्वच्छता पाळा, मी घरातलं पाणी उकळून गाळून परत उकळायचे. चौथ्या वेळी परत मुंबईला गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, एनयूडीटी१५ केलंय का?

हे नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सिक्स एमपी शरीरात गेल्यावर तिच्यापासून जे तयार होतं त्याला आवरण्याचं काम करणारं एक जीन. त्यात फरक असला तर नेहमीचा डोस सुद्धा त्या मुलाला फार जास्त होतो, पांढऱ्या पेशी संपतात. प्रत्येक जीनच्या आपल्यात दोन कॉप्या असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; दोन्ही कॉप्या बदललेल्या असतील तर नेहमीच्या दहाव्या हिश्श्याएवढाच डोस किंवा त्याहून कमी झेपतो. युरोपात यासाठी टीपीएमटी नावाचं दुसरं जीन बघायची पद्धत आधीपासून होती, पण एनयूडीटी१५ चा फरक युरोपियन लोकांत फारसा नसतो, आशियात असतो, २०१४ मध्ये कोरियातल्या पेशंटवरून तो कळला. भारतात साधारण दहातल्या एखाद्याकडे तरी त्याची एक बदललेली कॉपी असते. म्हणजे शंभर मुलांच्या वॉर्डात दहा आया माझ्यासारखं पाणी उकळत बसलेल्या असतील.

मुलाची टेस्ट झाली, एक कॉपी बदललेली निघाली. मॅडमनी डोस कमी केला, आम्ही आठवड्याच्या गोळ्या अर्धी आणि पाऊण अशा ब्लेडनं कापून डबीत वार लिहून ठेवायला लागलो, आणि नंतर एकदाही त्याला काउंटसाठी अ‍ॅडमिट करावं लागलं नाही. २०२१ च्या सुरुवातीला ट्रीटमेंट संपली. (कुणी हे वाचून स्वतःच्या मनानं गोळी कमी करू नका, कमी डोसनं आजार उलटू शकतो, काउंट बघून डॉक्टरच ठरवतात.)

संपादक साहेब, माझ्या मुलाच्या अंगातली ही एकच गोष्ट खरोखर आनुवंशिक निघाली, माझ्याकडून किंवा मिस्टरांकडून आलेली. आणि ती कुणाकडून आली हे घरात कुणीही विचारलं नाही, आम्ही तपासलंही नाही, कारण कुणाकडूनही आली तरी गोळी तेवढीच कापायची होती.

माझ्या दोन तीन विनंत्या आहेत. ज्या दवाखान्यांत सिक्स एमपी सुरू करतात तिथं त्याआधी एनयूडीटी१५ ची टेस्ट व्हावी आणि ती महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून फुकट मिळावी, एकदाच करायची टेस्ट आहे, तीन वेळा अ‍ॅडमिट होण्यापेक्षा सरकारलाही ती स्वस्त पडेल. आपल्या मुलांचा अभ्यास आपल्याकडे व्हावा, कारण ही जीन्सची मोठी संशोधनं जास्त करून युरोपियन वंशाच्या मुलांवर झालीत आणि एनयूडीटी१५ नं दाखवलंच की तिथलं इथं जसंच्या तसं चालत नाही. २०२५ च्या जानेवारीत जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पातला १०,००० भारतीयांच्या जीन्सचा डेटा संशोधकांना खुला झाला, तशी काही सोय कॅन्सरच्या मुलांसाठी झाली तर किती बरं होईल. आणि आपल्याकडून एवढंच, की बातमी छापताना ‘पेशीत झालेला बदल’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द वेगळे वापरा, आणि इतक्या पट धोका असं लिहिलं की मूळचा धोका किती तेही लिहा. एक ओळ जास्त जाईल.

माझ्या बहिणीचं नंतर २०२२ मध्ये दुसरीकडं चांगलं स्थळ जमलं. तिला आता पाचवा महिना आहे. गेल्या रविवारी रात्री साडेअकराला तिचा फोन आला, हळू आवाजात बोलत होती, ताई माझ्या बाळाला होईल का गं तसं. मी तिला २,००० मध्ये एक सांगितलं, पेशीतल्या बदलाचं सांगितलं, मामांचं तर तिलाही माहितीये. तिला पटलं. पण म्हणाली, इथं सासूबाईंना कुणीतरी तुझ्या मुलाचं सांगितलंय आणि त्या दोन दिवस गप्प आहेत, मी सांगितलं तर त्यांना वाटेल लपवतीये. त्या आपला पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, पत्रव्यवहारसुद्धा. म्हणून नाव न छापता पण छापा.

आपली,
एक आई, सातारा जिल्हा